पंच नंबर दोन

चाचा, काल कोर्टाच्या शिपायानं तुमचं नाव पुकारलं. व्हरांड्यात उभं राहून, मोठ्यानं, तीनदा. "इस्माईल बाबुलाल शेख! पंच नंबर एक!" तुमचा चाळिसावा दिवसही अजून झालेला नाही, आणि कोर्टाला ते कुणी कळवलंच नव्हतं. मी बाकावरून उठलो. म्हटलं, "ते वारले."

"मग आधी सांगायचं नाही का? मी कशाला घसा फाडतोय?" शिपाई म्हणाला. हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि लगेच पुढचं नाव घेतलं. ते माझं होतं.

आत जायला सांगून पुन्हा बाहेर बसवलं, कारण आधी दुसरी एक केस घेतली. म्हणून मला पुन्हा त्याच बाकावर बसावं लागलं. तुमची जागा भिंतीकडची, गुडघा दुखतो म्हणून पाय लांब करायला बरी. तिथं एक बाई डबा घेऊन बसली होती. मला तिला उठवावंसं वाटलं. कामून, ते मला सांगता येणार नाही. बघा, आलाच तो शब्द. "कामून म्हणे! पुण्यात नुसतं 'का' पुरतं, उरलेलं किनवटला परत पाठव," असं तुम्ही दर वेळी म्हणायचात. आता मी कितीही वेळा म्हणालो तरी कुणी टोकत नाही.

तुमच्यावर माझा राग आहे, तो आधी सांगतो. ह्यात मला तुम्ही ओढलंत. मार्केट यार्डात तुमची वजनकाटे दुरुस्तीची टपरी आणि समोरच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मी हमाल. पोलिसांची गाडी येऊन थांबली, फौजदार उतरले आणि म्हणाले, "दोन पंच पाहिजेत." सगळा बाजार एका क्षणात कामाला लागला. जे दिवसभर गप्पा हाणत बसतात ते पोती मोजायला लागले. मीसुद्धा खाली वाकलो होतो. तुम्ही पाना ठेवलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "मी येतो साहेब. आणि हा विलास येईल."

मी येईन असं मी कधी म्हटलं होतं?

पंच म्हणजे गावाकडं पंचायतीत बसणारा मोठा माणूस. पोलिसांचा पंच म्हणजे रस्त्यावरचा कुणीही, ज्याच्या डोळ्यांदेखत ते एखादी वस्तू जप्त करतात, आणि ज्यानं पुढं कधीतरी कोर्टात उभं राहून सांगायचं असतं की होय, माझ्यासमोर झालं. हे मला गाडीत बसल्यावर कळलं. समोर तो पोरगा बसला होता, हातात बेड्या, पायात माझ्या महिन्याच्या कमाईची चप्पल. टेम्पो मध्ये लावला म्हणून त्यानं भगवान टेम्पोवाल्यावर कोयता चालवला होता. भगवानचा उजवा हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत. पोरगा चौकीत म्हणाला होता की कोयता लपवलेली जागा दाखवतो. म्हणून ती गाडी, आणि म्हणून आपण.

नाही म्हणायची माझी टाप नव्हती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. आमच्याकडं खाकी दिसली की बाप घरी न येता रानातनंच पलीकडं जायचा. पोलीस आहे की जंगलखात्याचा, हे बघायला कुणी थांबायचं नाही. पुण्यात आलो तेव्हा ती भीती मी पिशवीतनं घेऊनच आलो होतो. आणि आल्या आल्याच पोलिसांनी मला गाळ्याच्या पायरीवरनं उचललं. ओळखपत्र नाही, गावाचं नाव धड ऐकू येत नाही, दातखीळ बसलेली. सकाळी तुम्ही चौकीत आलात. मी तुमच्या टपरीवर एकदा पाणी प्यायलो होतो, आपली ओळख एवढीच. हवालदार मामांनी लिहिलं होतं, संशयास्पदरीत्या फिरताना आढळला. तुम्ही चष्मा लावून ते वाचलंत आणि विचारलंत, "साहेब, ह्याला उचलला तेव्हा काय करत होता?"

"झोपला होता."

"मग झोपलेला माणूस फिरतो कसा?"

हवालदार मामा तुमच्याकडं बघतच राहिले. मग हसले. "चाचा, तुम्ही वकील व्हायचं सोडून काटे का दुरुस्त करता?"

"काटे उलट बोलत नाहीत म्हणून," तुम्ही म्हणालात.

तो शब्द त्यांनी खोडला. मी सुटलो. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले का, हे काल बाकावर बसून आठवत होतो. नाही मानले. चहा आणून दिला होता, तोही गाळ्याच्या खात्यावर.

तर त्या पोरानं आपल्याला फळबाजाराच्या मागं नेलं. तिथं प्लास्टिकच्या रिकाम्या क्रेटची रास होती. तो थांबला, बेडीसकट हात उचलला, बोट केलं आणि म्हणाला, "तिथं, खाली." त्याला वाकता येईना, बेडी अडत होती. पाऊस येणार होता, फौजदारांना घाई होती. एका शिपायानं क्रेट सरकवले, हात घातला आणि गोणपाटात गुंडाळलेला कोयता बाहेर काढला. हे मी पाहिलं. तुम्ही पाहिलंत. मग चौकीत परत येऊन पंचनामा लिहिला, भराभरा वाचून दाखवला, त्यात आलं की आरोपीने स्वतःच्या हाताने काढून दिला. मला ते कळलंच नाही. मी फक्त कुठं सही करायची ते शोधत होतो. तुम्हाला कळलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, काढला तुमच्या शिपायानं."

"चाचा, दाखवला कुणी?"

"दाखवला त्यानंच."

"मग झालं तर. एकच की."

बाहेर भगवानची बायको उभी होती, तिच्याकडं बघितलंत. आणि सही केलीत. तुमच्याखाली मी केली.

त्यानंतर वर्षं गेली, आणि मग तारखा सुरू झाल्या. आधी बसनं जायचो, मग स्वारगेटहून मेट्रोनं. "कोर्टाच्या दारापर्यंत आता जमिनीखालनं सुसाट," तुम्ही म्हणायचात, "आत गेलं की बैलगाडी." दिवसभर बसायचं, तारीख घ्यायची, परत यायचं. माझी त्या दिवसाची मजुरी बुडायची म्हणून मी चिडायचो, पण खरं सांगू का, ते दिवस मला आवडायला लागले होते. तुमच्या शेजारी बसलं की भीती तुमच्यात आणि माझ्यात वाटली जायची.

तुम्ही मला ती सगळी उतरंड तिथंच समजावलीत. चौकी ठाण्याच्या हाताखाली. ठाण्यावर पीआय. त्यांच्यावर एसीपी, त्यांच्यावर डीसीपी, असं चढत चढत आयुक्तांपर्यंत. "तुमच्या नांदेडला एसपी असतो, इथं आयुक्त. एवढाच फरक धर. हा एक जिना. पण हा जिना कोर्टाच्या दारात संपतो. आत साहेब एकच, जज्ज. आणि त्या काळ्या कोटातल्या सरकारी वकील बाई, त्या पोलिसांच्या नोकर नाहीत."

"मग कुणाच्या?"

"सरकारच्या."

"पोलीस पण सरकारचेच ना?"

"हो."

"आणि जज्जसाहेबांचा पगार?"

"तोही सरकारच देतं."

"मग वेगळं काय राहिलं, चाचा?"

तुम्ही मान खाजवलीत. "वेगळं हे, की पोलिसांनी लिहिलेलं जज्ज खरं धरून चालत नाहीत. विचारतात. म्हणून तर तुला-मला बोलावलंय."

"आणि तुरुंग कुणाच्या हाताखाली?"

"त्याचं खातं निराळं. का, बेत आहे का तिकडचा?"

मी हसलो होतो. पण त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. इतके जिने, आणि मी सगळ्यांच्या तळाशी.

मग ती दोन पोरं यायला लागली. आरोपी जामिनावर सुटला होता, हे त्याचे मित्र. आधी तुमच्याकडं आली, एक छोटा तराजू घेऊन, ज्याला काहीच झालेलं नव्हतं. एक जण स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चाचा, नीट दिसतं ना अजून डोळ्यांना?"

"काटा असाच दिसतो. माणूस बघायला चष्मा लावावा लागतो," तुम्ही म्हणालात आणि खरंच चष्मा लावून त्याच्याकडं बघत बसलात, तो उठून जाईपर्यंत. माझ्याकडं आली तेव्हा मला काही सुचलं नाही. "दादा, तारखेला जपून या. गाड्या फार वाढल्यात," एवढंच म्हणाली. किती प्रेमानं! त्या दिवसापासून मागून मोटारसायकल आली की माझी मान आपोआप खांद्यात जाते. तुम्ही मला ठाण्यात नेलंत, अर्ज द्यायला लावलात. मी दारातच म्हणत होतो, जाऊ द्या, आणखी नको. तुम्ही म्हणालात, "इथं नाही घेतला तर एसीपींकडं, तिथं नाही तर डीसीपींकडं. जिना आहे तर चढायचा." अर्ज घेतला. एक शिपाई दोन-चारदा बाजारात फिरून गेला. मला तो शिपाई दिसला तरी धडकी भरायची.

आणि मग आपलं ते भांडण. मागच्या तारखेला, कोर्टाच्या बाहेर चहा घेताना. तुम्ही सहज म्हणालात की साक्षीत मी शिपायानं काढला असंच सांगणार, तूही तेच सांग. सहीच्या विरुद्ध बोलायचं? पोलीस चिडतील. आणि त्याचा वकील तेवढंच धरून पोराला सोडवून नेईल. भगवाननं काय करायचं?

"अरे, दाखवला त्यानंच, हे पण सांगायचं आहे. दोन्ही सांगायचं."

"कोण ऐकणार दोन्ही?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "तू झोपला होतास आणि लिहिलं होतं फिरत होता. तेव्हा एक शब्द मोलाचा होता ना?"

"मी काही केलं नव्हतं, चाचा! ह्यानं हात तोडलाय."

आणि मग मी ते बोललो. "एवढं होतं तर तेव्हा सही का केलीत?"

तुमचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं. तुम्ही चहाचे पैसे दिलेत, आपण मेट्रोत बसलो, स्वारगेटला उतरलो. तुम्ही फक्त "चल, येतो" म्हणालात. पुढचे काही दिवस कामापुरतं बोलणं. मी ठरवत होतो, की रविवारी भवानी पेठेत घरी जाऊ, चाचींच्या हातचं खाऊ, विषय निघेल. शनिवारी दुपारी टपरीत बसल्या बसल्या तुमची मान खाली गेली. लोकांना वाटलं, बारीक स्क्रू शोधताय.

डॉक्टर म्हणाले हार्ट. मला मात्र पहिला विचार काय आला सांगू? ती पोरं. मातीहून परतल्यावर चाचींना मी बाजूला घेऊन विचारलं, "त्या दिवशी कुणी आलं होतं का टपरीवर?" चाचींनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "चहावाला आला होता. आणि तुमच्याच गाळ्याचे शेठ. बस, बाकी कोणी नाही. विलास, तू आता घाबरणं थांबव रे. तुला बघून मला भीती वाटायला लागलीय." मी हो म्हटलं. थांबवलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आजारी पडावं. गावी निघून जावं. पुण्यातल्या सगळ्या जिन्यांवरनं कुणीतरी माझ्याकडं बोट करतंय.

तर काल. शेवटी आत बोलावलं. पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. आरोपी मागं बसला होता, आता दाढी ठेवलीय त्यानं. सरकारी वकील बाईंनी हळूहळू विचारत आणलं, चौकी, गाडी, क्रेटची रास. मग म्हणाल्या, "आणि मग आरोपीने काय केलं?"

"बोट दाखवलं, मॅडम. तिथं खाली म्हणाला."

"आणि कोयता काढून दिला."

चाचा, मी तुमच्याकडं बघायला मान वळवली. सवयच ती. तिथं खिडकी होती.

"काढला शिपायानं," मी म्हटलं.

बाईंनी कागद बघितला. "नीट आठवून सांगा."

"आठवतंय, मॅडम. पोरानं दाखवला. शिपायानं काढला."

त्या जज्जसाहेबांकडं वळल्या आणि म्हणाल्या, साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करून मला उलटतपासाची परवानगी द्यावी. फितूर! हा शब्द माझ्यासाठी. मी कठडा धरला. मला वाटलं, आता इथूनच नेतील आत. ते निराळं खातं. पण कुणी हललं नाही. बाई मलाच पुन्हा विचारायला लागल्या, आता आवाज चढवून. आरोपीला वाचवण्यासाठी खोटं बोलताय ना? नाही. त्याने पोलिसांना त्या जागेवर नेलं हे खरं आहे का? खरं आहे. त्याने सांगितल्याशिवाय ती जागा कुणाला कळली असती का? मला तरी नसती कळली.

मग त्याचा वकील उठला, गोड बोलणारा. "तुम्ही गरीब माणूस, पोलिसांनी सांगितलं तिथं सही केली, बरोबर?" सही केली. "कोयता तिथं पोलिसांनीच ठेवला होता." मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाही. पोरानं बोट केलं ते मी बघितलं." त्याचाही गोडवा गेला. "पहिले पंच काय सांगणार होते?" असं त्यानं विचारलं, आणि जज्जसाहेब म्हणाले, हा प्रश्न नको. मला मात्र त्याचं उत्तर द्यायचं होतं.

शेवटी टाइप केलेला जबाब वाचून दाखवायला लागले. भराभरा, सगळ्यांना जेवायला जायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, जरा सावकाश." माझाच आवाज मला परका वाटला. जज्जसाहेबांनी चष्म्यावरनं बघितलं आणि लेखनिकाला म्हणाले, "सावकाश वाचा." एका ठिकाणी आलं होतं, आरोपीने जागेकडे बघितले. मी म्हटलं, "बघितलं नाही साहेब, बोट केलं." त्यांनी दुरुस्त केलं. मग मी सही केली. तुमची सही वर नव्हती. कागदावर एकट्यानं सही करायची माझी ही पहिलीच वेळ.

तुम्ही म्हणाला होतात, दोन्ही सांगायचं. मी दोन्ही सांगितलं, चाचा. कोण ऐकणार, असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आणि तुम्ही तेव्हा सही का केलीत, ते मला आता पुरतं कळलंय असं वाटतं. भगवानच्या बायकोकडं बघून केलीत. ते मी त्या दिवशी चहाच्या गाडीवर बोलायला हवं होतं. तेवढं माझ्याकडून राहिलं.

बाहेर जिन्यात ती दोन पोरं उभी होती. मला बघून एकानं हात जोडले. "दादा, भारी बोललात. थँक्यू." दुसऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. त्यांनी फितूर हा शब्द तेवढा ऐकला होता. आणि त्यांच्या मागं दोन पायऱ्या खाली भगवान उभा होता, डाव्या हातात पिशवी, उजवा हात शर्टाच्या खिशाशी दुमडलेला. त्यानंही तोच शब्द ऐकला असणार. तो खांद्यावरचा हातही त्यानं बघितला. मी "भगवान" म्हणेपर्यंत तो वळून खाली उतरायला लागला होता. उजव्या हातानं कठडा धरता येत नाही, डाव्यात पिशवी असते. म्हणून भिंतीला टेकत टेकत.

मी त्याच्या मागं धावलो नाही.

आता खोलीवर बसून हे लिहितोय. पोरांची भीती आहेच. पोलिसांची आहे. उद्या फौजदार भेटले तर काय म्हणतील, ही आहे. पण ह्या सगळ्या भीतींना मी ओळखतो, तुम्ही त्यांच्याशी माझी गाठ घालून दिली होतीत. भगवानची मला कधी भीती वाटली नव्हती. तो आता टेम्पो स्टँडच्या टेबलाशी सकाळी सहाला बसतो, डाव्या हातानं पावत्या फाडतो. गाळ्यावर जायला त्याच्यासमोरून जावं लागत नाही, मागच्या गेटनं जाता येतं. तरी मी पुढच्या गेटनं जाणार आहे. त्याला सांगणार आहे की मी पोरानं दाखवला हे पण सांगितलं, तीनदा सांगितलं, लिहून घेतलंय.

कोर्टात विचारणारे होते, चाचा. भगवानच्या टेबलाशी सुरुवात मलाच करायची आहे.